मुलगा म्हणतो, ‘तुम्ही जावा, मी न्हाई येणार’: बिऱ्हाड हलवणाऱ्या आईबापांसाठी

मे २०२४ मध्ये माझी कोल्हापुरातून पुण्याला बदली झाली. सरकारी नोकरीत यात नवल काहीच नाही. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका जागी साधारण तीन वर्षं झाली की एप्रिल-मेच्या यादीत नाव येतं. त्याआधी मी जिल्ह्यातल्या जिल्ह्यातच फिरत राहिलो होतो, त्यामुळे घर कधी हललं नव्हतं. मुलाचा जन्म शिवाजी पेठेतला. त्याचं जग म्हणजे शाळा, रंकाळ्याचा कट्टा आणि पेठेतल्या पोरांची फुटबॉल टीम, जिच्यात तो लेफ्ट बॅक होता. बातमी ऐकून तो ताटावरून उठला आणि वर लिहिलेलं वाक्य बोलून गच्चीवर गेला.

पुढच्या दीडेक वर्षात आमच्याकडून बऱ्याच चुका झाल्या, काही गोष्टी जमल्याही. घरात तेरा ते सतरा वयाचं पोर आहे आणि पहिल्यांदाच बिऱ्हाड हलवायचंय, अशांसाठी ते सगळं क्रमानं लिहितो. गाव बदलत असेल तर बहुतेक सगळं लागू पडेल. गिरगावातून विरारला जाणार असाल तरीही पडेल, कारण पोराच्या हिशेबात अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही.

पायरी १: ‘बघू’ म्हणणं बंद करा

आमची सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून ती आधी. त्याची दहावी समोर होती. मी एकट्यानं पुढे जायचं, त्यानं आईबरोबर राहून दहावी करायची आणि मग सगळ्यांनी पुण्याला यायचं, हे आम्हा दोघांचं पहिल्या आठवड्यातच ठरलं होतं. त्यानं विचारलं, ‘‘आणि दहावीनंतर?’’ मी म्हणालो, ‘‘बघू.’’

मराठी घरात ‘बघू’चा अर्थ मोठ्यांना कळतो. पोरानं त्याचा अर्थ ‘कदाचित नाही’ असा लावला आणि वर्षभर त्या आशेवर काढलं. बाबा बदली रद्द करून घेतील, नाहीतर आपल्याला आजीकडे ठेवतील. एप्रिलमध्ये आम्ही पुण्यात भाड्याचं घर बघायला लागल्याचं त्याला कळलं, तेव्हा जायच्या दुःखापेक्षा आपल्याला फसवलं याचा राग मोठा होता. त्या रागाला उत्तर नव्हतं, कारण तो खरा होता.

म्हणून आधी नवरा-बायकोनं एका कागदावर दोन याद्या करा. एका यादीत ठरलेल्या गोष्टी: जायचं की नाही, कोणत्या शहरात, कधी. दुसरीत न ठरलेल्या: कोणतं कॉलेज, कोणती खोली, सायकल न्यायची की विकायची, कोणत्या तारखेला निघायचं. पहिली यादी त्याला सरळ सांगा. ‘‘तुला चालेल ना?’’ असं मुळीच विचारू नका. तो ‘नाही’ म्हणाला तर तुम्ही थांबणार आहात का? नसाल, तर तो प्रश्न नुसता दिखाव्याचा आहे आणि पोरांना दिखावा लगेच कळतो. दुसरी यादी मात्र खरोखर त्याच्या हातात द्या. ती कशी द्यायची ते पायरी ४ मध्ये.

बातमी दोघांनी मिळून सांगा, आणि पाहुण्यांना कळायच्या आधी. आमच्याकडे ती त्याच्या कानावर पहिल्यांदा आत्याच्या फोनवरून पडली. आम्ही सांगितलं तेव्हा तिची धार त्याला आधीच लागलेली होती.

पायरी २: वर्ष मोजा

बापाची बदली मे महिन्यात होते, पण पोराचं वर्ष त्याच्या बोर्डावर ठरतं. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये भरतात, सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. मेमध्ये निघालात तर सीबीएसईचा मुलगा नव्या शाळेत सुरू झालेल्या वर्गात जाऊन बसतो.

आठवीपर्यंत फारशी अडचण नाही. दहावीचं किंवा बारावीचं वर्ष चालू असताना शाळा बदलणं मात्र शक्यतो टाळा. सीबीएसईत मुलाची बोर्डाकडे नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. दहावी-बारावीत शाळा बदलायची तर बोर्डाची परवानगी लागते आणि बदलीच्या आदेशासारखं कारण कागदावर दाखवावं लागतं. राज्य मंडळाच्या बाबतीत दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांना आधी भेटा, सामान नंतर बांधा.

दहावीनंतर हलणं सगळ्यांत सोपं, कारण तिथे सगळ्यांचीच शाळा सुटते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. त्याआधी ती फक्त मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती या भागांत होती. त्यामुळे कोल्हापुरात बसून पुण्यातल्या कॉलेजांचा अर्ज भरता आला. एका गोष्टीची तयारी मात्र ठेवा. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे ला लागला आणि पहिली प्रवेशयादी यायला जूनअखेर उजाडली. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात आलो होतो. म्हणजे ना शाळा, ना कॉलेज, ना एकही मित्र, अशा स्थितीत पोरगं महिनाभर खिडकीत बसलं. आता विचारलंत तर सांगेन की घर मेमध्ये लावा, पण पोराला जूनअखेरपर्यंत आजीकडे राहू द्या. प्रवेशयादीच्या एक दिवस आधी त्याला एकट्यालाच आणा म्हणजे झालं.

वर्षभर बापानं एकीकडे आणि बाकीच्यांनी दुसरीकडे राहायचं, ही वाट सोपी नाही. शनिवारी रात्री मी कोल्हापुरात पोचायचो आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचो. त्यातल्या निम्म्या रविवारी मुलगा माझ्याशी बोललाही नाही. तरी दहावीचं वर्ष त्याला जुन्या बाकावर काढता आलं, हे बरंच झालं.

राज्याबाहेर जाणार असाल तर आणखी एक गोष्ट आधी ठरवा. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्यातून वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला जायचं असेल तर दहावी-बारावी कुठून केली हे विचारतात, डोमिसाइलही मागतात. बारावी कुठून द्यायची याचा निर्णय या हिशेबानं करा.

पायरी ३: कागद, पोराला बरोबर घेऊन

शाळा सोडल्याचा दाखला आणायला त्याला सोबत न्या. कागदावर सही होताना तो तिथं असला की निघणं खरं वाटू लागतं, आणि शिक्षकांचा निरोपही होतो. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव तिथल्या तिथं वाचून घ्या. चूक नंतर दुरुस्त करायची म्हणजे पुन्हा त्या गावाची फेरी. झेरॉक्स दहा काढा.

आठवीपर्यंतच्या मुलांसाठी २००९ चा शिक्षण हक्क कायदा तुमच्या बाजूनं आहे. जुन्या शाळेनं दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. त्यापुढच्या वर्गांसाठी मात्र फाइल घट्ट बांधलेली बरी. यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला मुलाचा कायमचा क्रमांक, म्हणजे पेन नंबर, लिहून घ्या, आणि जुन्या शाळेनं त्या प्रणालीत मुलाला मोकळं केलंय का ते विचारा. दुसऱ्या राज्यात जात असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बरेचदा मागतात.

पंधरा पूर्ण झाली असतील तर आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळे पुन्हा द्यायचेच असतात. पत्ताही त्याच फेरीत बदलून घ्या. राज्य मंडळात माध्यम तेच राहणार असेल तर पुस्तकंही तीच असतात, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. पहिल्याच आठवड्यात पुस्तकांच्या दुकानापुढे रांग लावायची गरज नाही.

पायरी ४: जे त्याचं, ते त्यालाच ठरवू द्या

अकरावीच्या अर्जात दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमानं भरता येतात. मी आधी माझी यादी केली होती, जुन्या वर्गमित्रांना विचारून, कट-ऑफ बघून. बायकोनं ती फाडली नाही, पण माझ्या हातातून काढून घेतली. मुलानं स्वतःची यादी केली. पहिल्या तिन्ही कॉलेजांना मैदान होतं. माझ्या लेखी त्यातलं एक थोडं खालचं होतं. त्याला नेमकं तेच मिळालं आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं जमणार नसेल तर निर्णय त्याच्या हातात देऊच नका. हातात देऊन परत ओढणं हा ‘बघू’चाच भाऊ.

घर बघायला त्याला न्या, पण सगळी घरं दाखवू नका. आमच्या बजेटात बसणारी दोनच घरं आम्ही शिल्लक ठेवली होती, दोन्ही कोथरूडमध्ये. त्यातलं कोणतं, हे त्यानं ठरवलं. त्यानं निवडलेल्या घरात स्वयंपाकघर लहान आहे आणि बायको अजून मधूनमधून ते ऐकवते. मला ऐकवते, त्याला नाही. त्याच्या खोलीला दार लागतं हे मात्र बघून घ्या. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली मिळत नसेल तर गॅलरीचा कोपरा, एक कपाट, एक पडदा. या वयात थोडी जागा अशी लागते जिथे आईसुद्धा विचारून येते.

लाच देऊ नका. ‘‘पुण्याला आलास की नवा मोबाइल’’ हे मी बोलून बसलो होतो. त्यानं मोबाइल घेतला आणि राग जसाच्या तसा ठेवला. वर, दुःखाची किंमत करता येते हे आम्हीच त्याला शिकवलं.

पायरी ५: निरोप पुरा होऊ द्या

ही पायरी बहुतेक घरात गाळली जाते, कारण त्या दिवसांत मोठ्यांना गॅसचं कनेक्शन, लाइटबिल आणि टेम्पो यांतून डोकं वर काढता येत नाही. आठवडाभर तरी राखून ठेवा.

त्याला विचारा की कुठं कुठं शेवटचं जायचंय. आमच्या मुलाच्या यादीत खासबागेतली भेळ होती, शाळेमागची भिंत होती आणि शाहू स्टेडियम होतं. मॅच नसतानाचं रिकामं स्टेडियम. मी गेटवर थांबलो, तो आत जाऊन वीस मिनिटं पायरीवर बसून आला. मी काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तोच म्हणाला, ‘‘इथं पेठेची मॅच असली की आवाज रंकाळ्यापर्यंत जातो.’’ मी ‘‘हो की’’ म्हणालो. एवढंच बोलणं त्या आठवड्यात आमच्यात झालं, आणि ते पुरेसं होतं.

मित्रांसाठी शेवटचं जेवण घरीच करा. भांडी बांधलेली असली तर कागदी ताटल्या घ्या. तांबडा-पांढरा हॉटेलातून आणला तरी पोरांना चालतं. फोटो त्यांचे त्यांना काढू द्या. तुम्ही भाषण करू नका.

या आठवड्यात पुण्याचं कौतुक मुळीच नको. ‘‘तिथं मॉल आहेत, मेट्रो आहे, चांगले क्लास आहेत.’’ त्याला ते ठाऊक असतं. आपण जेवढं नव्याचं कौतुक करतो, तेवढं जुन्याची बाजू घेऊन भांडायची जबाबदारी त्याच्यावर येते.

पायरी ६: सामान

पॅकर्सवाल्यांना त्याच्या कपाटाला हात लावू देऊ नका. ते त्यानंच भरायचं, किती का वेळ लागेना. कशात काय आहे ते खोक्यावर त्यालाच लिहू द्या. आमच्या एका खोक्यावर ‘उघडू नका, आई पण’ असं होतं.

टाकायचं काय, हेही तोच ठरवेल. त्याचे फाटलेले बूट बायकोनं एकदा परस्पर भंगारात दिले होते. ते कोणत्या मॅचचे बूट होते हे आम्हाला नंतर कळलं.

सामान कमी असेल आणि अंतर जवळचं असेल तर छोटा हत्ती पुरतो, पण कोल्हापूर-पुणे दोनशे तीसेक किलोमीटर आहे, मोठी गाडी लागते. त्याची गादी, पंखा, चादर आणि चार्जर ज्यात आहे ते खोकं गाडीत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे ते पहिलं उतरेल. रात्री अकराला पोचलात तरी त्याची खोली आधी लावा. तुमचा दिवाणखाना आठ दिवस खोक्यांत राहिला तरी काही बिघडत नाही.

पायरी ७: पहिले सहा आठवडे

या काळात मी सर्वाधिक चुकलो, कारण मला निकाल लगेच हवा होता. रोज संध्याकाळी विचारायचो, ‘‘झाला का कोणी मित्र?’’ रोज ‘‘नाही’’ म्हणायला लावणं म्हणजे त्याच्या एकटेपणाची हजेरी घेणं होतं. शेवटी बायकोनं मला बजावलं. मग आम्ही फक्त ‘‘जेवायला काय करू?’’ एवढंच विचारायला लागलो.

उपयोगी ठरलेल्या तीन गोष्टी सांगतो.

रस्ते. कोल्हापुरात तो कुठंही सायकलनं जायचा. पुण्यात पहिल्या पंधरा दिवसांत त्याला प्रत्येक ठिकाणी मी सोडायचो, आणि त्यात तो चिडचिडा झाला होता. एका रविवारी मी त्याला वनाजला मेट्रोत बसवलं आणि सांगितलं, रामवाडीपर्यंत जा, परत ये, मधे कुठं उतरायचं असेल तर उतर. तीन तासांनी आला. नंतर पीएमपीच्या बसचे नंबर त्यानंच शोधले. शहर आपलं वाटायला आधी त्यात एकट्यानं हरवता यावं लागतं.

मैदान. जुनं वेड नव्या गावात आधी शोधा, कॉलेज सुरू व्हायची वाट बघू नका. फुटबॉल असेल तर मैदान, तबला असेल तर गुरुजी, पोहणं असेल तर तलाव. शोधायचं काम तुमचं, जायचं की नाही हे त्याचं. आमचा मुलगा दोनदा गेला नाही, तिसऱ्यांदा गेला. पहिल्या दिवशी त्याला राखीव खेळाडू म्हणून बसवलं. घरी येऊन दार आपटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला.

आणि मोबाइल. जुन्या मित्रांशी रात्री दीड-दोनपर्यंत गप्पा चालायच्या. माझा पहिला विचार बंदी घालायचा होता. पण त्या दिवसांत त्याचे मित्र असे तेवढेच होते. आम्ही बंदीऐवजी वेळ ठरवली, कॉलेज सुरू झाल्यावर साडेअकरा. ती पाळली जातेच असं नाही.

पायरी ८: बोलीची थट्टा

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात त्यानं कुणाला तरी सहज विचारलं, ‘‘काय करालाईस?’’ आणि बाकं हसली. चार दिवस तो वर्गात बोललाच नाही. मग घरातही ‘न’ आणि ‘ण’ जपून बोलायला लागला, ‘लई’च्या जागी ‘खूप’ आलं. आम्ही त्यावर काहीच बोललो नाही, फक्त आमची बोली बदलली नाही. नातेवाइकांना मात्र सांगावं लागलं. पुण्यातल्या एका मावशीनं ‘‘आता नीट बोलायला शिकशील हं’’ असं त्याच्यासमोरच म्हटलं होतं. तुमच्या घरी असं कुणी बोललं तर तिथल्या तिथं अडवा, पाहुण्यांची भीड ठेवू नका. विदर्भातून, कोकणातून, मराठवाड्यातून येणाऱ्या पोरांवरही हेच येतं. बाहेर कसं बोलायचं ते पोर स्वतः ठरवतं. घरात जीभ मोकळी राहायला हवी.

पायरी ९: परत जाण्याची तारीख

निघायच्या आधीच परत जाण्याची तारीख ठरवा आणि तिकीट काढून त्याच्या हातात द्या. ‘‘जाऊ की अधूनमधून’’ हे पुन्हा ‘बघू’च. आम्ही गणपतीची तारीख दिली होती, २७ ऑगस्ट.

ही भेट गोड होईल असं मात्र धरून चालू नका. तो तिकडे गेला तेव्हा त्याच्या जागेवर लेफ्ट बॅक म्हणून दुसराच मुलगा खेळत होता, ग्रुपमध्ये त्याला न कळणारे विनोद चालले होते आणि आमच्या जुन्या घरात दुसऱ्यांचे कपडे वाळत होते. परतीच्या रेल्वेत तो मिरजेपर्यंत बोलला नाही. मला वाटलं, दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. पण परत आल्यावर त्यानं खोलीतली उरलेली दोन खोकी उघडली, तीन महिने न उघडलेली.

पायरी १०: केव्हा थांबून मदत घ्यायची

राग, अबोला, मार्क घसरणं, दार आपटणं हे काही आठवडे चालतंच. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच उदास असणं, जेवण-झोप पार बिघडणं, आवडीच्या गोष्टींतूनही मन उडणं, कॉलेजला जायलाच नकार, स्वतःला इजा करणं, ‘‘मी नसलो तर बरं’’ यासारखं काही बोलणं, यांतलं काही दिसलं तर ‘वय आहे, होतं असं’ म्हणू नका. फॅमिली डॉक्टरांकडून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. हे नंबर त्याच्याही मोबाइलमध्ये असू द्या, सामान बांधायच्या आधीपासून.

जाता जाता, गाद्यांबद्दल

सामान कमी करताना सगळ्यात आधी जुन्या गाद्या टाकल्या जातात. आम्हीही एक टाकली. दिवाळीच्या सुट्टीत पेठेतली तीन पोरं पुण्याला आली, आणि हॉलमध्ये एका गादीवर चौघं आडवे झोपले. सकाळी उठून तो त्यांना मेट्रोनं फिरवायला घेऊन गेला. कोणत्या स्टेशनला उतरायचं, वडापाव कुठला खायचा आणि कुठला नाही, हे तोच सांगत होता, अस्सल कोल्हापुरीत. टाकण्याआधी दोन गाद्या बाजूला काढून ठेवा. एक पुरत नाही.